पावती मागणारी बाई: नागपुरातल्या एका नगरसेवकाच्या मतांतराचं प्रकरण

प्रकरणाविषयी

हे प्रकरण नागपुरातल्या एका माजी नगरसेवकाचं आहे. प्रभागात सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही इथं भाऊच म्हणते. त्यांनी हा मजकूर वाचून संमती दिली आहे. पक्ष, प्रभाग आणि ओळख पटेल असे तपशील काढले किंवा बदलले आहेत. २०१७ पासून पाच वर्षं मी त्यांच्या जनसंपर्क कार्यालयात कागदपत्रांचं काम पाहत होते, त्यामुळे हे त्रयस्थाचं निवेदन नाही. ज्या पत्रापासून सगळं सुरू झालं ते मीच टाइप केलं होतं.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवते. आपल्याकडे उदार म्हणजे सढळ हाताचा माणूस. त्यामुळे 'उदारमतवादी नेता' म्हटलं की लोकांना वर्गणी देणारा, लग्नाला आहेर करणारा, दवाखान्याचं बिल भरणारा नेता आठवतो. भाऊ त्या अर्थानं पहिल्यापासून उदार होते. उदारमतवादी मात्र नव्हते. माणसाला त्याचा हक्क कुणाच्या मेहेरबानीशिवाय मिळावा आणि सत्तेनं त्याला हात लावताना नियम दाखवावा, हा विचार त्यांच्या राजकारणात कुठंच नव्हता. तो पुढं कसा आला आणि कुठं अडखळला, ते इथं मांडते.

पार्श्वभूमी

भाऊंचा जन्म काटोल-नरखेडकडच्या एका कापूस पिकवणाऱ्या घरातला. घरी वारकरी परंपरा, गळ्यात माळ. शिक्षणासाठी नागपूरला आले, इथंच छोटा व्यवसाय केला आणि पक्षात वीसेक वर्षं सतरंज्या उचलल्यावर २०१७ मध्ये तिकीट मिळालं. तेव्हा नागपूर महापालिकेत ३८ प्रभाग होते आणि नगरसेवक १५१. एक प्रभाग सोडला तर प्रत्येकात चार जण निवडून आलेले. एका प्रभागात चार नगरसेवक असले की कुठलंही काम 'माझं' म्हणून दाखवायची घाई प्रत्येकालाच असते. पुढची घाई समजून घ्यायला एवढं लक्षात ठेवावं लागतं.

भाऊंचा आवडता शब्द होता शिस्त. बागेत बसलेल्या मुलामुलींना हटकणं, रात्री दहानंतर चौकात उभ्या पोरांना घरी पिटाळणं, १४ फेब्रुवारीला कार्यकर्त्यांना घेऊन तलावाकाठी फेरी मारणं, हे सगळं ते मनापासून करत. त्यात दुष्टावा नव्हता. आपण मोठे आहोत, आपल्याला कळतं, म्हणून लोकांना वळण लावायचं, अशी त्यांची सरळ समजूत होती.

प्रश्न उभा कसा राहिला

प्रभागातल्या बागेच्या कोपऱ्यावर पाच जण धंदा करायचे: तर्री-पोह्याचा ठेला लावणारी एक बाई, पंक्चरवाला, मोची, उसाच्या रसवाला आणि इस्त्रीवाला. सकाळी फिरायला येणाऱ्यांची पोह्यांपुढं गर्दी व्हायची, गाड्या आडव्यातिडव्या लागायच्या. शेजारच्या वसाहतीतल्या एका वृद्ध गृहस्थांना चाकाच्या खुर्चीवरून बागेत न्यावं लागे आणि त्या कोपऱ्यावर रोज रस्त्यावर उतरावं लागे. ही तक्रार खरी होती. या प्रकरणात पुढं ठेलेवाल्यांची बाजू येईल, म्हणून हे आधीच नोंदवते.

रहिवाशांनी २०१८ च्या हिवाळ्यात निवेदन दिलं. भाऊंनी कारवाई मागणारं पत्र मला सांगितलं, मी टाइप केलं. पथक येण्याआधीच कुणीतरी बातमी आणली की दुसऱ्या नगरसेवकाचीही तीच मागणी आहे आणि श्रेय तिकडं जाणार. भाऊ फोनवर कार्यकर्त्यांना एवढंच म्हणाले, "आजच मोकळा करून टाका कोपरा." दुपारी चार पोरं टेम्पो घेऊन गेली आणि सगळं सामान उचलून आमच्या कार्यालयामागच्या खोलीत आणून टाकलं. कुठलाही अधिकारी नाही, पंचनामा नाही, यादी नाही. संध्याकाळी मोकळ्या कोपऱ्याचा फोटो सगळीकडं फिरला आणि शाबासकीचे फोन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यावाली बाई कार्यालयात आली. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "भाऊ, कोणत्या कायद्यानं नेला माहा ठेला? पावती द्या ना मले."

भाऊंनी समजावलं, वर म्हणाले, महिनाभर थांब, कुठंतरी गाळा मिळवून देतो. यावर ती जे बोलली ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं: "गाळा नोका देऊ भाऊ. उद्या तुम्ही पडले, तं दुसरा भाऊ येईन अन् काढून घेईन. मले कागद पाह्यजे."

ती रोज यायला लागली. रोज तेच दोन प्रश्न.

समोरचे पर्याय

तिसऱ्या दिवशी भाऊंनी मला विचारलं, कायदा काय म्हणतो. तोवर मीही पाहिला नव्हता, हे कबूल करते. पथविक्रेत्यांसाठी संसदेनं केलेला कायदा २०१४ पासून लागू आहे. त्यानुसार विक्रेत्यांचं सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणालाही हटवता येत नाही. नंतरही हलवायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस लागते. माल जप्त झाला तर त्याची यादी द्यावी लागते आणि विक्रेत्यानं मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावा लागतो. ही सगळी बंधनं यंत्रणेवर आहेत. नगरसेवकाच्या पोरांनी सामान उचलणं या कायद्याच्या खात्यात कुठंच बसत नाही. साध्या भाषेत ती जबरदस्ती होती.

चर्चेत पुढचे मार्ग आले. एका कार्यकर्त्याचं म्हणणं, सामान रात्री गुपचूप परत ठेवा, थोडे पैसे द्या, विषय संपला. दुसऱ्याचं म्हणणं, ओळखीच्या अधिकाऱ्याला सांगून मागच्या तारखेची कारवाई दाखवू. भाऊंचा स्वतःचा कल गाळ्याकडं होता. त्यात बाई कायमची आपली होते, पोह्यांच्या ठेल्यावर रोज शंभर माणसांपुढं आपलं नाव निघतं. राजकारणात याला उपकाराची गुंतवणूक म्हणता येईल, आणि विदर्भात काय, कुठंही ती फळते. चौथा मार्ग मी सुचवला. झालेलं बेकायदा होतं हे लिहून द्यायचं, सामान परत करायचं आणि कोपऱ्याचा प्रश्न कायद्याच्या वाटेनं सोडवायचा.

मागच्या तारखेचा मार्ग भाऊंनी लगेच फेटाळला. गाळ्याचा मार्ग सोडायला त्यांना सहा दिवस लागले. माझ्या मते या प्रकरणातला पहिला खरा निर्णय तोच. खोटं करायला नकार देणं त्यांना जड गेलं नाही, ती त्यांची सवयच होती. जड गेलं ते दाता होण्याचा मान सोडणं.

काय केलं

नवव्या दिवशी पाचही जणांना बोलावलं. चार आले, पंक्चरवाला आला नाही. भाऊंनी पोह्यावालीला लेटरहेडवर लिहून दिलं की तिचा ठेला कुठल्याही अधिकृत आदेशाशिवाय उचलला गेला आणि याची जबाबदारी आपली आहे. बाकीच्यांना सामान परत दिलं, कागद दिला नाही. त्यांनी मागितला नव्हता, असं तेव्हा आम्ही स्वतःला समजावलं.

हे त्यांनी का केलं? खटल्याची भीती हे मोठं कारण होतं. त्या दिवशी त्यांचं मत बदललं, असं मी म्हणणार नाही. कृती आधी झाली आणि विश्वास मागून आला. नेत्यांच्या वैचारिक प्रवासाच्या कहाण्यांत एखादं पुस्तक वाचून डोळे उघडतात. इथं तसं काही घडलं नाही.

दोनेक महिन्यांनी नरखेडहून गाडीनं परत येताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्यानं कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, खासगी व्यापाऱ्याला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. पैसे हप्त्यानं मिळत, घरातली गरज हप्त्यानं येत नसे. म्हणून सीमेवरच्या गावांतून रात्री बंड्या, म्हणजे बैलगाड्या, निघत, पलीकडं मध्य प्रदेशात पांढुर्ण्याला, सौंसरला. दहा-अकरा वर्षांचे भाऊ अशाच एका बंडीवर कापसात पाय खुपसून बसले होते. नाक्यावर बंडी अडली, कापूस उतरवून घेतला गेला. "बाप तीन दिवस जाऊन राहिला तिथं. पावती द्या म्हणे, निदान कापूस नेल्याची पावती तं द्या. कोणी देल्ली नाही." शहरात भाऊ कमावलेलं प्रमाण मराठी बोलतात. हे सांगताना ते गावाच्या बोलीत गेले.

वडलांची ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर सरकारच्या नाकर्तेपणाची म्हणून सांगितली होती. ऐंशीच्या दशकात शरद जोशींच्या सभांना ते गेले होते, 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा त्यांनी घसा बसेपर्यंत दिली होती. शेतकऱ्याला आपला माल हवा तिथं विकता यावा हे त्यांना पटलेलंच होतं. तोच हक्क बागेच्या कोपऱ्यावर पोहे विकणाऱ्या बाईला आहे, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. शेतकरी आपला होता, ठेलेवाली अतिक्रमण होती.

यानंतर ते वाचायला लागले, तेही स्वतःच्या अनुभवाला शब्द मिळावेत म्हणून. १९५९ च्या जानेवारीत याच नागपुरात काँग्रेसच्या अधिवेशनात सहकारी सामुदायिक शेतीचा ठराव झाला. चौधरी चरणसिंग यांनी तिथंच विरोध केला आणि त्याच वर्षी राजाजी, मिनू मसानी, एन. जी. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष काढला. देशातल्या उदारमतवादी पक्षाच्या जन्माला निमित्त आपल्या शहरातलं, आणि इतकी वर्षं इथं राजकारण करून आपल्याला ठाऊक नाही, याची त्यांना खंत वाटली. १९८९ चा सोदान सिंग खटला मी त्यांना मराठीत सांगितला. रस्त्यावर विक्री करणं हे संविधानाच्या १९व्या अनुच्छेदातल्या व्यवसाय स्वातंत्र्यात मोडतं, त्यावर वाजवी बंधनं घालता येतात, पण तो हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं त्यात म्हटलं होतं.

त्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ते पहिल्यांदा दीक्षाभूमीवर गेले. पुढारी म्हणून व्यासपीठावर नाही, एकटेच, गर्दीतून. तिथल्या पुस्तकांच्या दुकानांतून, रस्त्याच्या कडेला सतरंजी टाकून बसलेल्या एका माणसाकडून त्यांनी मराठी संविधान विकत आणलं. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना, गाव नव्हे तर व्यक्ती हा घटक धरल्याबद्दल समाधान व्यक्त केलं होतं. हे वाचून भाऊ बराच वेळ गप्प होते. गाव, समाज, वसाहत, मंडळ हेच त्यांच्या राजकारणाचे घटक होते. एकटी बाई कधीच नव्हती.

प्रभागात त्यांनी बोलायची पद्धत बदलली. अतिक्रमणाच्या बैठकीत एकदा ते म्हणाले, या शहरातले मोहल्ले बघा, इतवारी, शनिवारी, शुक्रवारी, मंगळवारी, बुधवारी. बाजाराच्या वारांवरून गावाला नावं पडली, आणि आपण म्हणतो ठेला शहराला शोभत नाही. लोकांना हे आवडलं. सोपं होतं ते तिथं संपलं.

दुसरी परीक्षा

काही महिन्यांनी त्याच रस्त्यावर, विठ्ठलाच्या मंदिरापासून हाकेच्या अंतरावर, एका तरुणानं संध्याकाळी आम्लेट-पावाचा ठेला लावला. भाऊ त्या मंदिराचे विश्वस्त. भजनी मंडळातली मंडळी, ज्यांच्यासोबत त्यांनी पंढरीची वारी केली होती, घरी आली. मागणी एकच, हा ठेला इथून जायला हवा.

भाऊ पहिल्यांदा चुकले. ते त्या पोराकडं गेले आणि म्हणाले, "निदान एकादशीला लावू नको रे." पोरगा लगेच "हो भाऊ" म्हणाला. घरी येऊन त्यांनी मला आनंदानं सांगितलं, बघ, समजुतीनं झालं. मी विचारलं, तो नाही म्हणू शकत होता का? ते चिडले. चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. मग स्वतःच त्याला सांगून आले की ती माझी विनंती होती, पाळायची की नाही ते तू ठरव. पुढच्या एकादशीला ठेला लागला होता.

मंडळासमोर त्यांनी जे मांडलं ते असं होतं. मी अंडं खात नाही, खाणार नाही. पण माझी माळ माझ्या गळ्यात आहे, ती मी त्याच्या गळ्यात घालू शकत नाही. रस्ता अडत असेल, गॅसची टाकी धोक्याची असेल, घाण होत असेल तर नियम दाखवा, मी स्वतः पत्र देतो. पदार्थ कोणता यावरून देणार नाही.

मग एका रहिवाशानं रास्त प्रश्न केला, मग रस्ता अडवण्याचा नियम सगळ्यांना लावणार का? लावावा लागला. मोजमाप घेतलं तेव्हा आम्लेटवाला पदपथाच्या आत नीट बसत होता आणि पोह्यावालीचा ठेला कोपऱ्यावर तीन फूट बाहेर होता. चाकाच्या खुर्चीची मूळ तक्रार तिथलीच. भाऊंनी तिला मागं सरकायला सांगितलं. या वेळी हुकूम नव्हता, समोर बसून मोजमाप दाखवलं. तरी ती भडकली. कोपरा सोडला की गिऱ्हाईक कमी होतं, हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. शेवटी ठेला सरकला, खुर्चीला वाट झाली आणि बाईनं भाऊंशी बोलणं सोडलं. भाऊंना याचं फार वाईट वाटलं. ज्या बाईच्या प्रश्नातून हे सगळं उभं राहिलं तीच दुरावली.

परिणाम

मंदिराचं विश्वस्तपद भाऊंनी सोडलं. काढलं जाण्याआधी सोडलं, एवढंच. दोन जुने कार्यकर्ते दुसऱ्या नगरसेवकाकडं गेले. पक्षात त्यांना 'ठेलेवाल्यांचा माणूस' म्हणू लागले. १४ फेब्रुवारीची फेरी बंद झाली. त्याची घोषणा केली नाही, नुसते गेले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणत, सज्ञान माणसं बागेत बसली तर मी कोण?

प्रभागातल्या विक्रेत्यांची आम्ही यादी केली होती: नाव, जागा, किती वर्षं, काय विकतात. कोविडच्या टाळेबंदीनंतर जून २०२० मध्ये पथविक्रेत्यांना १०,००० रुपयांपर्यंत खेळतं भांडवल देणारी केंद्राची योजना आली. प्रमाणपत्र नसलेल्यांना शिफारसपत्रावर अर्ज करता येत होता. यादी तयार असल्यामुळे आमच्याकडच्या लोकांचे अर्ज लवकर गेले. पोह्यावालीचाही गेला. अर्ज भरायला ती स्वतः आली, भाऊ समोर असूनही मलाच कागद दिले.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले, आणि भाऊंची नगरसेवकपदाची कारकीर्द तिथं थांबली.

वेगळं काय करता आलं असतं

यादीवर माझा सर्वात मोठा आक्षेप आहे, आणि ती मी केली होती. कायद्यात विक्रेत्यांसाठी समिती आहे, तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी स्वतःमधून निवडलेले असतात. आम्ही विक्रेत्यांना संघटित करून त्या समितीकडं जायला हवं होतं. आम्ही मात्र कार्यालयात बसून नावं लिहिली आणि लोक तिला 'भाऊची यादी' म्हणू लागले. गाळा नाकारणाऱ्या बाईनं जे ओळखलं होतं तेच आम्ही दुसऱ्या रूपात परत आणलं. काम झालं, पण उद्या दुसरा भाऊ आला तर त्या यादीचं काय, याचं उत्तर आमच्याकडं नव्हतं.

भाऊंनी कार्यकर्त्यांशी आधी बोलायला हवं होतं. टेम्पो घेऊन गेलेल्या पोरांना एका आठवड्यात कळलं की कालची मर्दुमकी आज चूक ठरली. कुणी त्यांना बसवून सांगितलं नाही. स्वतःच्या मनात जे बदलायला भाऊंना महिने लागले, ते पोरांनी एका फोनवर समजून घ्यावं अशी अपेक्षा होती. सोडून गेलेले दोघं त्यातलेच, आणि मी त्यांना दोष देत नाही.

भाऊंचं माझ्याशी एका मुद्द्यावर अजून पटत नाही. बुडालेल्या नऊ दिवसांच्या धंद्याचे पैसे त्यांनी चौघांना खिशातून दिले. मी म्हणते, ते लिहून द्यायला हवं होतं, भरपाई म्हणून, रकमेसह. पाकिटातून दिलेले पैसे घेणाऱ्याला दानच वाटतात. ते म्हणतात, लिहिलं असतं तर लोकांनी प्रसिद्धीसाठी केलं म्हटलं असतं.

आणि माफीचा कागद एकीलाच मिळाला, कारण तिनं मागितला. मागता न येणाऱ्यांनाही तो द्यायला हवा होता. पंक्चरवाला त्या दिवसानंतर कोपऱ्यावर आलाच नाही. तो मध्य प्रदेशातला होता एवढंच बाकीच्यांना ठाऊक. भाऊंनी मोचीकडं, रसवाल्याकडं चौकशी केली, दोनदा सौंसरपर्यंत माणूस पाठवला. त्याचा कॉम्प्रेसर आणि पान्यांची पेटी कार्यालयामागच्या खोलीत आहे. कार्यालय बंद झालं तरी त्या खोलीचं भाडं भाऊ भरतात. पेटीवर मी यादी चिकटवली आहे: कॉम्प्रेसर एक, पाने अकरा, टायरचे लिव्हर तीन, रबर सोल्युशनची डबी एक, अर्धी वापरलेली.